अकरा ठोक्यांची शांतता

४ फेब्रुवारी

भाऊजी,

चौथ्या खेपेलाही तुमचे दादा बाराव्या ठोक्याऐवजी दहाव्यावर गायला लागले. काचेपलीकडून गाणं बसवणाऱ्या मुलीने हात वर केला, मशीन थांबलं, आणि यांनी कानातला इअरफोन उपटून टेबलावर टाकला. "कानात सुतार बसवलाय," म्हणाले. "तो खिळे ठोकणार आणि मी गाणार." आता पाचव्या खेपेची तयारी चालली आहे. मी स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत बसून लिहिते आहे. एक सोफा, एक फ्रीज, चपलांचं कपाट. भिंतींना राखाडी स्पंज लावलाय, त्यामुळे स्वतःचं खोकणंही दुसऱ्याचं वाटतं. कागद त्यांच्याच प्रिंटरमधून घेतला.

एकोणीस वर्षांत मी तुम्हाला दर वर्षी एक कार्ड पाठवत आले. पत्र हे पहिलंच. फोन करत नाही, कारण आमच्या घराला दोन खोल्या आहेत आणि यांचे कान अजून शाबूत आहेत. तुमच्याशी बोलते हे कळलं तर आठवडाभर अबोला. उत्तर वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवा. सकाळी मी तिथे कामाला असते.

काय झालं ते सांगते. भिंगरी म्हणून एक मुलगी आहे, सव्वीस वर्षांची. नाचायची गाणी करते. खरं नाव करारावर असेल. तिच्या कार्यक्रमाला वीस हजार पोरं येतात आणि तीन तास उभी राहतात. तिने तुमच्या बँडचं "पायऱ्या" घेतलं, मशीनच्या ठेक्यावर नव्याने बांधलं आणि घरी येऊन विचारलं, तुम्ही गाल का. यांनी तिला तासभर ऐकवलं, की मशीनवर संगीत होत नाही, दळण होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग कधी येताय?"

हे गेले. रेकॉर्डिंग झालं. त्यातही चुकले, पण तिने चुकलेलं कॉम्प्युटरवर सरकवून जागेवर बसवलं, कुणी काही बोललं नाही. आता १५ मार्चला मैदानात प्रत्यक्ष कार्यक्रम आहे. तिथे सरकवता येत नाही.

अडचण एकाच जागेची आहे. गिटार संपते, सगळे थांबतात, अकरा ठोके काहीही नाही, आणि बाराव्याला हे एकटे गातात. त्या अकरा ठोक्यांसाठीच तिने हे गाणं उचललं. म्हणते, आजकाल कुठलंच गाणं इतका वेळ गप्प बसत नाही. बाराव्याला यांच्या आवाजाबरोबर तीनशे दिवे लागायचे आणि मशीनचा दणका पडायचा. दिवे, पडदा, दणका, सगळं एका घड्याळावर चालतं. घड्याळ यांच्यासाठी थांबत नाही.

हे नवव्याला येतात, दहाव्याला येतात. बाराव्याला अजून एकदाही नाही. तिच्या मॅनेजरने मला बाजूला घेऊन सांगितलं, १३ तारखेच्या रंगीत तालमीपर्यंत जमलं नाही तर रेकॉर्ड केलेला आवाज लावू, सरांनी फक्त ओठ हलवायचे. हे यांना अजून माहीत नाही. कळलं तर गिटार उचलून घरी येतील आणि पुन्हा कधी गाणार नाहीत. इतक्या वर्षांनी कपाटावरची गिटार खाली आली होती, भाऊजी. मी स्वतः तिच्यावरची धूळ पुसली.

हे गाणं यांनी तुमच्याबरोबर हजार वेळा गायलं असेल. तेव्हा असं कधी व्हायचं का? मला दुसरीच भीती वाटते आहे. परवा गॅसवर पातेलं विसरले. माझ्या भाचीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारली. तुम्ही यांना लहानपणापासून पाहिलंय. खरं काय ते कळवा.

पाचवी खेप संपली वाटतं. चेहरा बघते आणि पाकीट बंद करते.

तुमची वहिनी

ता. क. तेराव्याला.


९ फेब्रुवारी

सौ. वहिनींस नमस्कार.

दोन शिकाऊंच्या मधल्या वेळात लिहितोय, गाडीत बसून, स्टिअरिंगवर वही टेकवून. अक्षर गोड मानून घ्या.

दादा अडुसष्ट वर्षांचा झाला. वयाप्रमाणे होतं. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये साठीतले लोक येतात, डावीकडे म्हटलं की उजवीकडे वळतात आणि वर माझ्याकडेच रागाने बघतात. आमच्या वेळी असं काही होत नव्हतं. पातेल्याचं वाचून वाटतं, डॉक्टरांना दाखवलेलं बरं. लवकर कळलं तर औषधं असतात.

मी तिकडे येण्याचा प्रश्न नाही. तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवतो. "ड्रम काय, कुणीही बडवेल," हे तो तालमीच्या खोलीत चारचौघांसमोर म्हणाला होता. मी विसरलेलो नाही. आता मशीन बडवतंय. त्याला आवडायला हवं होतं.

मी बरा आहे. गुडघा सोडून.

आपला,
धाकटा दीर


१८ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा सल्ला मानला. शुक्रवारी यांना डॉक्टरांकडे नेलं. कानांची तपासणी आहे, गाणाऱ्याने करून घ्यावी, असं सांगून नेलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले.

डॉक्टरांनी वार विचारला, साल विचारलं. घड्याळ काढायला सांगितलं, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. यांनी काढलं, सेकंदकाट्यासकट. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, न अडखळता दोनपर्यंत आले आणि विचारलं, "पुढे उणे जाऊ का?" डॉक्टर हसले. हे हसले नाहीत. कानांच्या तपासणीत वजाबाकी कशाला, हे तोवर यांच्या ध्यानात आलं होतं. बाहेर पडताना दारावरची पाटी वाचली. स्मृतिविकार तज्ज्ञ.

डॉक्टरांचं म्हणणं, काहीही झालेलं नाही. पातेलं मीही विसरतो, म्हणाले.

बसमध्ये हे माझ्या पुढच्या सीटवर बसले. घरी येऊन बूट काढले, ते नीट जोडून ठेवले, आणि मग विचारलं, "तू मला कधीपासून वेडा समजतेस?" गिटार पुन्हा पिशवीत गेली.

शनिवारी स्टुडिओत गेले नाहीत. संध्याकाळी भिंगरी आली. हे आतल्या खोलीतून बाहेर येईनात. ती दाराबाहेर खाली बसली आणि बंद दाराशी बोलायला लागली. "सर, तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते. जमलं नाही तर रेकॉर्डिंग लावणार आहेत. तुम्ही ओठ हलवायचे. मला ते नकोय."

दार उघडलं. "ओठ हलवायचे? मी मासा आहे का?"

"म्हणून तर आले."

"आणि मला सर म्हणू नकोस. सर शाळेत असतात."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. ठेका लाव."

तेव्हापासून रोज जातात. रोज चुकतात. काल आठव्यालाच आले. आजार नाही हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. पण आजार नाही तर मग काय आहे? यांनाही तेच खातंय. रात्री बोटांवर ठोके मोजत बसतात, अकरापर्यंत. घरी बरोबर येतं.

वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र काल मिळालं. त्यानंतर तीन शिकाऊंवर मी डाफरलो. त्यांचा दोष नव्हता.

मी खोटं लिहिलं होतं. आमच्या वेळी असं होत नव्हतं हे खोटं. दरवेळी झालं असतं. मी होऊ दिलं नाही, एवढंच.

दादाला गाताना मोजता येत नाही. शंभरातून सात वजा करेल, घड्याळं काढेल, पण हातात गिटार आणि तोंडात शब्द आले की आकडे उडून जातात. तो सतरा वर्षांचा होता, मी चौदाचा, शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये वाजवायचो, तेव्हाच मला कळलं. प्रत्येक कडव्याच्या आधी तो अर्धा मागे वळायचा. मी हनुवटी खाली केली की सुरू. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. लोक म्हणायचे, भाऊ भाऊ एकमेकांकडे बघून कसे हसतात. हसत कोण होतं? मी मोजत होतो.

आणि "पायऱ्या"मधली ती शांतता. ती आम्ही बसवलेली नाही. मूळ गाण्यात तिथे चार ठोके होते. रेकॉर्डिंगच्या दिवशी माझ्या हातातली काडी निसटून ड्रमखाली गेली. मी वाकून शोधत होतो. दादा वळला, त्याला मी दिसलो नाही, तो थांबला. बाकीचे दोघे त्याच्याकडे बघत थांबले. मी काडी घेऊन वर आलो, हनुवटी खाली केली, तो गायला. तोवर अकरा ठोके होऊन गेले होते. टेप संपत आली होती म्हणून तेच ठेवलं. पुढे कुणीतरी छापलं, की या शांततेत एका पिढीचं दुःख आहे. काडी होती, वहिनी.

त्यानंतर दर कार्यक्रमात मी अकरा मोजून त्याला द्यायचो. मी सोडून गेल्यावर त्याने तीन ड्रमर बदलले, तीन कार्यक्रम पडले, आणि तो म्हणाला, रॉक संपला. काय संपलं ते मला माहीत होतं. एक फोन पुरला असता, की अरे, त्या पोराला मान हलवायला सांग. केला नाही. खरं सांगायचं तर एकोणीस वर्षं मला ते आवडत होतं. कुठे दुकानात जुनं गाणं लागलं की मनात यायचं, कुणीही बडवेल ना? मग बडव.

पण त्याला त्या डॉक्टरांच्या दारात पाठवला तो मी. तिथे काही निघालं असतं, औषधं चालू झाली असती, तर मी तोंड उघडलं असतं का, हे स्वतःला विचारतोय. छातीठोकपणे हो म्हणता येत नाही.

त्याला काही झालेलं नाही. त्याच्यासमोर हनुवटी नाही, एवढंच झालंय.

दीर


२६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र वाचनालयात उभ्या उभ्या वाचलं. नंतर पुस्तकांची अख्खी रांग उलटी लावली. निघताना माझ्याबरोबरच्या बाईंनी दाखवून दिलं.

दोन कागद फाडले, हा तिसरा. यांनी बूट जोडून ठेवले आणि मला तो प्रश्न विचारला, तेव्हा तुम्ही लोकांना गिअर शिकवत होतात. याच्यापुढे लिहीत नाही.

आता कामाचं. तुम्ही या असं म्हणत नाही. तुम्ही दिसलात तर हे स्टेजवर चढायचे नाहीत. पण मान हलवणारं कुणीतरी हवं. स्टेजवर भिंगरी यांच्यापासून सहा पावलांवर तिच्या मशीनपाशी उभी असणार. मी तिला सगळं सांगितलं. काडीचंही. आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "म्हणजे त्या जागी घड्याळ बंद करायचं, आणि मी हाताने द्यायचं? काकू, मी जन्मात हाताने ठेका धरलेला नाही. मी बटण दाबते, पुढचं तेच करतं."

रविवारी ती तुमच्याकडे येते आहे. तिला शिकवा. यांना यातलं काही माहीत नाही.

वहिनी


४ मार्च

वहिनी,

तुमची भिंगरी रविवारी दहाला आली. मला वाटलं केस निळे वगैरे असतील. साधी आहे, डोळ्यांवर चष्मा, पाठीवर शाळेच्या पोरासारखी बॅग. ऑफिसात परीक्षेचे फॉर्म भरणारे बसले होते, म्हणून गाडीत बसलो.

"बेल्ट लावू का काका?"

"आपण कुठे जात नाही."

"मग गाडीत का बसलोय?"

"माझ्याकडे दुसरी खोली नाही."

तिने गाडीच्या स्पीकरवर "पायऱ्या" लावलं, आमचं, जुनं. गिटार संपली तिथे बंद केलं. "द्या," म्हणाली. मी मनात मोजून हनुवटी खाली केली. पुन्हा लावलं, पुन्हा दिली. असं पाच वेळा. मग तिने फोन माझ्यापुढे धरला. पोरीने प्रत्येक वेळची वेळ मोजली होती. दहा ठोके, तेरा, साडेनऊ, बारा, पुन्हा तेरा.

"काका, तुम्ही मोजत नाही आहात."

"मोजतोय."

"आत्ता देताना मनात कोणता आकडा होता?"

एकही आकडा नव्हता.

तिने बॅगेतून आणखी काढलं. आमच्या जुन्या कार्यक्रमांची सात रेकॉर्डिंग तिने कुठून कुठून गोळा केली आहेत. सातही मोजली आहेत. नऊ, चौदा, बारा, दहा. अकरा फक्त त्या काडीच्या दिवशी. "मला वाटायचं तुम्ही मुद्दाम दरवेळी वेगळं करता," म्हणाली.

मी डोळे मिटून बसलो. त्या जागी मी काय करत होतो ते आठवत होतो. आठवला तो दादाचा डावा खांदा. गिटारचा पट्टा तिथे असतो. दादाने श्वास घेतला की खांदा उचलला जातो आणि पट्टा ताणतो. पट्टा ताणला की माझी हनुवटी खाली यायची. मी पन्नास वर्षं समजत होतो की मी मोजून देतो. मी त्याच्या श्वासाची वाट बघत होतो आणि तो माझ्या हनुवटीची. मोजता दोघांनाही येत नव्हतं. आणि तुम्हाला मी मागच्या पत्रात केवढं ऐकवलं.

मग शिकवणी. मी दादा झालो. ड्रायव्हरच्या जागेवर बेल्ट लावून बसलो, बेल्ट म्हणजे गिटारचा पट्टा. ती शेजारी. बेल्ट हलला की तिने हनुवटी खाली करायची आणि त्याच क्षणी हॉर्न दाबायचा, हॉर्न म्हणजे तिचं बटण. पहिली पंधरा मिनिटं ती माझ्या आधीच वाजवत होती.

"मनात मोजू नकोस. माझ्याकडे बघ."

"सवय आहे हो. आणि तुम्ही श्वासच घेत नाही आहात!"

"घ्यावासा वाटला की घेईन. तू थांब."

समोरचा किराणावाला बाहेर आला. "काय हो, गाडी बिघडली का?" म्हटलं, शिकाऊ आहे. म्हणाला, शिकाऊंनी हॉर्नपासून सुरुवात करायची ही तुमची नवी पद्धत दिसते.

तासाभरात तिला दहातली आठ वेळा जमायला लागलं. दुपारच्या गाडीने परत गेली.

म्हणजे दादाचं खरंच निघालं, वहिनी. कुणीही बडवेल. मी ज्याच्या जोरावर एकोणीस वर्षं ताठ राहिलो ते एक मुलगी तासाभरात शिकली, तेही हॉर्नवर. शिकवताना हे मला दिसत होतं. एकदा मनात आलं, चुकीचं शिकवावं. उजवा खांदा सांगावा. सांगितला डावाच.

दीर


८ मार्च

भाऊजी,

बुधवारी हे पहिल्यांदा जागेवर आले. भिंगरीने हनुवटी खाली केली, यांचा आवाज आणि दणका एकदम. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. हे खूश. मला म्हणाले, "मशीन दुरुस्त केलेलं दिसतंय."

ती का बघत असते ते यांना कळत नाही. काल विचारलं, "माझ्या खांद्यावर पाल आहे का?" ती म्हणाली, "शर्ट छान आहे." तो शर्ट आज पुन्हा घातलाय.

लाइटवाला मात्र पेटलाय. त्या जागी घड्याळ बंद राहणार हे ऐकून म्हणाला, "माझे तीनशे दिवे एका म्हाताऱ्याच्या श्वासावर सोडू?" शेवटी भिंगरीचं बटण दिव्यांनाही जोडायचं ठरलं. मॅनेजरने तिच्या मशीनशेजारी स्वतःसाठी दुसरं बटण ठेवलंय. यांचा आवाज आला नाही तर तो रेकॉर्डिंग सोडणार. भिंगरीने विरोध केला, पण ते बटण गेलं नाही.

मागे म्हटलं होतं की या असं म्हणत नाही. आता म्हणते. मागच्या रांगेत बसा, यांना दिसणार नाही. याल?

वहिनी


११ मार्च

वहिनी,

१५ला शनिवार. शनिवारी परीक्षा असतात, माझे चौघे आहेत. येत नाही. परीक्षा नसत्या तरी आलो असतो का, हे विचारू नका.

एक गोष्ट तिला सांगायची राहिली, महत्त्वाची आहे. तालमीत तो समोर बघतो, कारण समोर काच असते. लोक समोर असले की तो वळतो. बाजूला नाही, मागे, मी बसायचो तिथे. मुद्दाम नाही वळत, पाय वळतात. ती जर बाजूला उभी असेल तर तिला त्याची पाठ दिसेल आणि त्याला ती दिसणारच नाही. तिला म्हणावं मशीन मागे घे. मधोमध, थोडं उजवीकडे.

दीर


१६ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र वाचनालयात काल, शनिवारी सकाळी, अकराला पोहोचलं. मी अर्धी रजा टाकून मैदानावर गेले. भिंगरीने पत्र वाचलं, मॅनेजरकडे गेली. तो म्हणाला, सगळ्या तारा आदल्या दिवशी टाकून जमिनीला चिकटवल्या आहेत, आता मशीन एक वीतही हलणार नाही. दोन दिवसांपूर्वी तालमीत सगळं सुरळीत झालं होतं, तेव्हा हे खूळ आता कशाला, असं त्याचं म्हणणं. भिंगरीने तुमचं पत्र घडी करून खिशात ठेवलं. मला म्हणाली, "बघू. नाही वळले तर प्रश्नच नाही."

हे वळले.

दिवस मावळल्यावर सातच्या सुमाराला यांचं गाणं आलं. मी कडेला, लाइटवाल्याच्या मागे उभी होते. गिटार यांनी छान वाजवली, एक सूर सुटला तो मलाच कळला असेल. मग सगळं थांबलं आणि दिवे गेले. मागे जमिनीलगत एक निळा दिवा असतो, तारांत पाय अडकू नये म्हणून, तेवढा राहिला. हे वळले आणि मागे बघत उभे राहिले. मागे पडदा होता आणि रिकामी जमीन. भिंगरी बाजूला मशीनपाशी, हात बटणावर, आणि तिच्याकडे यांची पाठ.

मी मोजायला लागले. अकरा झाले. बारा. पंधरा. समोरचे वीस हजार लोक आधी गप्प होते, मग कुठेतरी शिट्टी वाजली. हे हलले नाहीत. मॅनेजरने हात बटणाकडे नेला. भिंगरीने तो मनगटाला धरून बाजूला केला आणि मशीन सोडून चालत निघाली. पळाली नाही. हे बघत होते त्या जागी, जरा उजवीकडे, निळ्या दिव्यापाशी जाऊन उभी राहिली. यांनी तिला पाहिलं. पट्टा ताणला की नाही ते अंधारात मला दिसलं नाही. तिला दिसला असावा. तिने हनुवटी खाली केली.

हे पुढे वळले आणि गायले. माझ्या मोजणीने तेविसाव्या ठोक्यावर.

दणका पडला नाही. दिवे लागले नाहीत. लावणार कोण, ती तर मागे उभी होती. यांनी पूर्ण ओळ अंधारात, एकट्याने, कशाच्याही आधाराशिवाय गायली. आवाज एकदा चिरकला. लोक इतके गप्प होते की कडेला कुणाचा तरी फोन थरथरत होता तो ऐकू येत होता. ओळ संपेपर्यंत भिंगरी धावत मशीनपाशी परत आली होती आणि तिने बटण दाबलं. तीनशे दिवे एकदम. पोरं नाचायला लागली. लाइटवाल्याने माझ्यासमोर एक शिवी दिली आणि मग "सॉरी काकू" म्हणाला.

नंतर स्टेजमागच्या तंबूत हे खुर्चीत बसले होते, मानेवर टॉवेल. भिंगरी आली.

"तू तिथे काय करत होतीस?" यांनी विचारलं.

"तुम्ही तिकडे बघत होता."

"मान तशी हलवायला कुणी शिकवलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली उघडत होते.

"गाडी शिकायला गेले होते," ती म्हणाली. "तिथे."

यांनी टॉवेलने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि शर्टाची बटणं लावून निघू म्हणाले. टॅक्सीत मला एवढंच विचारलं, की मला ठाऊक होतं का. मी हो म्हटलं. अबोला झाला नाही. घरी येऊन जेवलो.

आज सकाळी साडेनऊला भिंगरीचा फोन आला. पुढच्या महिन्यात आणखी दोन कार्यक्रम ठरताहेत. पहिली ओळ अंधारातच ठेवायची आहे, यांची तयारी आहे का, असं विचारत होती. यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ड्रम्सवर कोण?" ती म्हणाली, ड्रम्स मशीनवर असतात, नेहमीप्रमाणे. यांनी फोन माझ्या हातात दिला आणि दाढी करायला गेले. मी तिला सांगितलं, दुपारी कळवते. यांचा प्रश्न मात्र तुमच्याकडे पाठवते आहे.

वहिनी